आवाज बसला की अपडेट नाही

सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी, ते चांगलं म्हणणाऱ्याचा श्वास तपासणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमचे हे व्याही वलगावचे. घरचा झेंडू आणि कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांबार, पिकवायचा आणि पहाटे अमरावतीच्या बाजारात लिलावाची हर्रास बोलायची, हे त्यांचं आयुष्य. ढिगाभोवतीच्या व्यापाऱ्यांत कोण अजून वर चढणार हे त्यांना आवाजावरून कळे. बोलीच्या आधी गड्यानं आवंढा गिळला की त्याच्यात अजून दम आहे, हा त्यांचा सिद्धांत, आणि तोच त्यांनी अपडेटची परीक्षणं करणाऱ्या पॉडकास्टलाही लावला.

घरात त्यांच्या परवानगीशिवाय कोणी अपडेटचं बटण दाबत नाही. सुनेच्या फोनवर महिनाभर सूचना झळकत असते आणि हे पॉडकास्ट ऐकत झेंडू तोडत असतात. कोणता पोरगा सर्दीतही खरं बोलतो आणि कोणता स्तुती करताना दोनदा श्वास घेतो, हे त्यांना तोंडपाठ. एकदा अमरावतीहून घरी निघालेले व्याही वलगाव मागे टाकून थेट अचलपूरला उतरले, कारण कानात कुठल्याशा फोनच्या नव्या अपडेटची चिरफाड चालू होती. तो फोन त्यांच्याकडे नव्हता, घ्यायचाही नव्हता. माझा जन्म अकोल्याच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे छापील शब्दावर माझा जीव. लेखी परीक्षण पुन्हा वाचता येतं, पडताळता येतं, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्यावर ते म्हणत, "लिवणारा खोडून पुन्ना लिवते, इवाई. बोलणाऱ्याले कुठं खोडता येते?"

मग त्यांच्या कानांनीच दगा दिला. कानात मशीन आलं, ते फोनला जोडलं गेलं, तरी गर्दीत मागच्या रांगेतली बोली निसटू लागली. एकदोनदा लोक हसले. आता मुलाला उभं करा, असं अडत्यानं सुचवलं. तेवढ्यात मशीनचं अपडेट आलं. गर्दीतले आवाज निवळून ऐकू येतील, पण एकदा केल्यावर मागे फिरता येणार नाही, अशी त्याची अट. हर्रास राहणार की जाणार, ते यावर ठरणार होतं. आणि या अपडेटवर कोणी पॉडकास्ट केलाच नव्हता. होती ती नुसती लेखी परीक्षणं. मला वाटलं, आता सापडले.

त्यांनी मला वलगावला बोलावून ओट्यावर बसवलं आणि ती सगळी मोठ्यानं वाचायला लावली. मी वाचत गेलो. मध्येच त्यांनी हात वर केला.

"इथं तुमचा आवाज बसला. काहून?"

मी एक वाक्य गाळलं होतं. जुनी खोड, न जुळणारं वाक्य दिसलं की कापायचं. नाइलाजानं वाचलं, 'सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण घरची माणसं अनोळखी वाटतात.' कोणातरी विक्षिप्त माणसानं लिहिलेलं असणार, सोडून द्या, असं मी अगदी ठाम सुरात सांगितलं. त्यांनी माझा तो सूर नीट ऐकून घेतला आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेलो. मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा त्यांना ऐकू येत होती. पण झेंडूच्या दोन ढिगांची बोली त्यांनी लवकर तोडली. व्यापारी अजून चढायला तयार होते. मशीननं गलका गाळला होता, आणि त्याच्यासोबत श्वासही, आवंढेही. चहाच्या गाडीवर बशीत चहा ओतत ते म्हणाले,

"आवाज सारे आले, इवाई. माणसं नाई आली."

मला फार वाईट वाटलं. ते वाक्य सोडून द्यायला मीच सांगितलं होतं. त्यांनी मात्र मला एका शब्दानंही दोष दिला नाही. आठवड्याभरात हर्रास मुलाकडे गेली.

आता ते अधूनमधून अकोल्याला येतात. मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवतात, खुर्ची माझ्या खुर्चीजवळ आणतात आणि उघडा कान माझ्या तोंडाशी आणून म्हणतात, "वाचा." मग मी कुठल्या तरी अपडेटची परीक्षणं वाचतो, एकही वाक्य न गाळता. आवाज बसला की त्यांचा हात वर होतो आणि मला बरं वाटतं.

परवा एका ओळीवर माझा आवाज खरंच बसला. मी थांबून त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवरच होता. आणखी थोडं वाकून मीच त्यांच्या कानात सांगितलं, की इथं माझा आवाज बसला होता.

ते खुर्ची अजून जवळ ओढत म्हणाले, "मंग तेवढं परत वाचा."