सव्वा मिलिमीटर

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी लहानशी शेड आहे. तिथं मी पस्तीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा नमुना. तो वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. पंपांची कवचं, मोटारींची झाकणं, सगळं आधी माझ्या हातून लाकडात व्हायचं. आता ते काम मशिनवर गेलं. मी शेड बंद केली नाही, एवढंच. बनशंकरीच्या घरून मेट्रोनं जातो, दार उघडतो, झाडून काढतो, येईल ते करतो.

एका दुपारी शेडसमोर मोटार थांबली आणि तिशीपस्तिशीची एक मुलगी उतरली. कानडीत सुरुवात केली, अडखळली, भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघून म्हणाली, "काका, तुम्ही मराठी?"

"बेळगावकडचा."

"मी नागपूरची. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. बरं झालं, आता नीट सांगता येईल."

मागच्या सीटवरून तिनं चादरीत गुंडाळलेली वस्तू काढली. रायफलचा दस्ता होता. नुसतं अक्रोडाचं लाकूड, नळी नाही की चाप नाही. रायफल तिच्या वडिलांची, नेमबाजीची. ते गेल्यावर परवाना तिनं आपल्या नावावर करून घेतला होता. पण गेल्या वर्षी मोटारीच्या दारात उजवा अंगठा चिरडला, आणि या रायफलीत काडतुसं वरून एकेक करून अंगठ्यानं दाबावी लागतात. म्हणून तिला निघणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बसवून हवं होतं. टेबलावर सावकाश डाव्या हातानं भरायचं आणि खालून आत सरकवायचं. लोखंडाचं काम शहरातला एक परवानाधारक कारागीर करत होता. रायफल त्याच्याकडेच होती.

"लाकडाला मी हात लावणार नाही म्हणाले ते. तुमच्याकडे त्यांनीच पाठवलं."

"नवा दस्ता घे की."

तिनं दस्ता फिरवून मला दाखवला. जिथं गाल टेकतो तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालं होतं. "बाबांचा गाल," ती म्हणाली. "हे नव्यात कुठून आणू?"

मी उभ्या जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. पण लाकूड बघितल्यावर नाही म्हणवेना.

मॅगझिन ज्यात अडकतं ती लोखंडी चौकट अजून तयार व्हायची होती. कारागिरानं तिचा नकाशा पाठवला. लांबी शहाण्णव मिलिमीटर. मी पट्टी लावून खुणा केल्या, बारीक करवतीनं आणि पटाशीनं मधला गाभा अखंड काढला, भिंती तासल्या. चार दिवस लागले. कितीतरी महिन्यांनी हात असा चालला. घरी जाताना मेट्रोत मी चक्क गुणगुणत होतो.

पाचव्या दिवशी कारागीर स्कूटरवरून चौकट घेऊन आला. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं चौकट दस्त्यात ठेवली आणि हलवली. ती खुळखुळली.

"अण्णा, खड्डा मोठा झालाय," तो म्हणाला. त्यानं खिशातलं व्हर्नियर काढून मोजलं. "सव्वासत्त्याण्णव."

मी पट्टी लावली. बरोबर शहाण्णव. मग मी त्याची चौकट मोजली. "ही पावणेपंच्याण्णव भरते. तुमची चौकट लहान झालीय."

त्यानं चौकटीला व्हर्नियर लावलं. शहाण्णव.

आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि चौकट खुळखुळत होती. तो माझ्या पट्टीकडे बघत होता, मी त्याच्या व्हर्नियरकडे. पण इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला तोंडावर काय म्हणायचं? "स्वल्प विचार करा," एवढं बोलून तो चौकट ठेवून गेला.

दोन दिवस मी विचारच केला. सकाळी मोजलं, जेवून मोजलं, चष्मा पुसून मोजलं. खड्डा शहाण्णव, चौकट पावणेपंच्याण्णव. लाकूड फुगलं का? फुगलं तर खड्डा लहान होईल, मोठा कसा होईल? माझं स्वतःचं व्हर्नियर कधीच बिघडलं होतं, पॅटर्नच्या कामात मला पट्टीच पुरायची. मधेच वाटायचं, मी आकडाच चुकीचा वाचतोय. आणि मग बेळगावची माझी थोरली बहीण आठवायची. अक्का आता मला ओळखत नाही. तिचं सुरू झालं ते भातापासून. एकदा मोजून पाणी घातलं, पुन्हा मोजून घातलं, आणि मी घातलंच नाही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी ती चौकट डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. मेट्रोच्या तपासणीत शिपायानं विचारलं, हे काय. मला सांगता येईना. रायफलचं म्हणालो असतो तर भलतंच झालं असतं. "मशिनचा पार्ट," म्हटलं. त्यानं सोडलं.

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर चौकट ठेवली, ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि मोजलं. शहाण्णव.

बायकोला हाक मारली. "हे वाच जरा."

तिनं वाकून वाचलं. "शहाण्णव. का हो?"

"काल शेडमध्ये पावणेपंच्याण्णव होती."

तिच्याही मनात अक्काच आली असणार, कारण तिनं एकदम आवाज हळू केला. "आधी बसा. काल कशानं मोजली?"

"पट्टीनं. माझ्या पट्टीनं."

"तुमची पट्टी ही बघा. गणपतीच्या आधी फळी बसवायला तुम्हीच आणलीत ना? परत कुठं नेली?"

मला ते मुळीच आठवेना. फळी आठवत होती, भिंतीला भोक पाडताना उडालेली धूळही आठवत होती. पट्टी आठवत नव्हती. आणि पट्टी इथं, तर शेडमधल्या खिळ्याला टांगलेली कुठली?

दुसऱ्या दिवशी घरची पट्टी घेऊन गेलो आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळलं. शंभराशी किंचित फरक, दोनशेशी आणखी, आणि तीनशेला तर चांगला चार मिलिमीटरचा. शेडमधल्या पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरं कोरलेली होती, ॲल्युमिनियमची श्रिंकेज पट्टी. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. त्यासाठी या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर किंचित मोठा असतो. म्हणजे साधी पट्टी घरी राहिली म्हणून मी खिळ्यावरची ही उचलली, त्या मुलीच्या वडिलांच्या दस्त्यात ॲल्युमिनियमचं ओतकाम करायच्या हिशेबानं खड्डा पाडला होता, आणि नंतर त्याच पट्टीनं स्वतःला पास करत बसलो होतो.

कोडं सुटल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण ही पट्टी मी पस्तीस वर्षं ओळखत होतो. डोळे मिटून हातात घेतली तरी सांगितलं असतं. मग हाताला कळलं कसं नाही? हा विसरभोळेपणा की निव्वळ गाफीलपणा, आणि या दोन्हींत फरक कुठं असतो, ते मला समजेना.

मी कारागिराला फोन करून सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. "सरी अण्णा, सरी, बरोबर. मी रात्रंदिवस माझ्या व्हर्नियरला शिव्या घालत होतो."

मुलीला सांगणं अवघड होतं. ती आली तेव्हा मी दोन्ही पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या. ती हसली नाही. "दस्ता वाया गेला का, काका?" एवढंच विचारलं.

"नाही. पण जोड द्यावा लागेल, आणि तो मी लपवणार नाही."

खड्ड्यातून काढलेला गाभा मी जपून ठेवला होता. त्यातूनच पातळ पट्ट्या कापल्या, रेषेला रेषा जुळवून खड्ड्याच्या भिंतींना चिकटवल्या आणि चौकट समोर ठेवून पुन्हा तासलं. या वेळी पट्टी हातात घेतलीच नाही. काजळी लावून चौकट बसवायची, काळं उमटेल तेवढंच खरवडायचं. शेवटी चौकट आत गेली आणि दस्ता उलटा केला तरी पडली नाही.

दरम्यान बायकोनं मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला लावलं. "वयाच्या मानानं ठीक आहे," म्हणाले. ठीक म्हणजे किती ठीक, ते काही सांगितलं नाही. हिला मात्र तेवढं पुरलं.

रायफल जुळवून झाल्यावर मुलीनं एका रविवारी मला तिच्या क्लबात बोलावलं. ती पालथी झोपली, दस्त्याला गाल टेकवला आणि डाव्या हातानं खालून मॅगझिन सरकवलं. टक् असा आवाज आला. पाच गोळ्या झाडून झाल्यावर तिनं कागद आणून मला दाखवला. पाचही भोकं खाली डावीकडे, एका कोपऱ्यात.

मी भोकांवरून बोट फिरवलं. "माझंच काहीतरी तिरकं झालंय."

"छे हो काका. वर्षभर हात नव्हता लावला. हे माझं आहे, लाकडाचं नाही. आणि पाचही एकाच जागी आलीत, बघा ना." ती मात्र भलतीच खूश होती. मला काही कळेना. तिनं मॅगझिन काढलं, टेबलापाशी बसून डाव्या हातानं एकेक काडतूस भरू लागली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बसलं का?"

"बसलं."

"आणि नेम?"

"ते तिचं तिलाच विचारायला हवं," मी म्हटलं, आणि बाकावर सरकून तिच्या पिशवीला जागा करून दिली.