नवरा? येतोय!

पिंपरी कॅम्पात पापड विकणाऱ्या त्या सिंधी आजी गिऱ्हाइकाला आधी भाजका पापड आणि पाणी देतात, भाव नंतर सांगतात. मी लबाड. खरेदी पावशेराची करतो आणि दोन पापड तिथेच फस्त करतो.

एकदा मी हात जोडून नाटकीपणाने विचारलं, "आजी, ही कला कुठल्या राजदरबारातली?"

"दरबार कसला रे! फाळणी झाली, इथं आलो, तेव्हा मी सहा वर्षांची. बराकीत साहेब नावं लिहायला आला. विधवांना सरकारी मदत होती. त्यानं विचारलं, नवरा? आई बोलली, येतोय. मदत गेली, म्हणून तिनं पापड लाटायला घेतले. साहेब तीनदा आला, ती तीनदा तेच बोलली. शेजारणी हसायच्या, 'तुझा नवरा काय पायी निघालाय?'"

माझी जीभ कुठली गप्प बसते! "मग आले का वडील?"

आजींनी चिमट्याने पापड उलटला. "आम्हा पोरांना मावशीबरोबर पुढं पाठवलेलं. वडील तिकडंच गेले, आईच्या मांडीवर. मला कळलं तेव्हा माझं लग्न झालेलं."

"मग साहेबाला खोटं का सांगितलं?"

"आम्ही तिघं भावंडं तिला चिकटूनच असायचो ना. घर गेलं, गाव गेलं, देश नवीन. बापही गेला, हे एकदम कसं सांगणार? थोडं थोडं सांगणार होती."

त्यांनी गरम पापड माझ्या हातात ठेवला. तो मोडायचा आवाजसुद्धा मला करवेना.