चन्नवीरसाठी बाळगलेले पिस्तूल

गुरुबसप्पा पेंडवाला पिस्तूल लपवून बाळगत असे, आणि ते कुठे लपवलेले असते हे भवानी पेठेत सगळ्यांना माहीत होते. काळ्या कोटाच्या आत, डाव्या बगलेखाली, त्याने जाड मांजरपाटाचा एक खिसा शिवून घेतला होता. शिंप्याला सांगितले, पानाच्या डब्यासाठी हवा. शिंप्याने मापाला डबा मागितला. गुरुबसप्पाने इकडेतिकडे बघून जे बाहेर काढले ते पाहून शिंप्याच्या हातातली टेप गळून पडली, आणि दिवस मावळायच्या आत पेठेला खिशाची लांबी-रुंदीसुद्धा कळली.

परवाना मात्र रीतसर होता. तीस सालच्या उन्हाळ्यात सोलापुरावर लष्करी कायदा बसला, लोक दारे लावून घरांत बसले, आणि त्या दिवसांत गुरुबसप्पाने लष्कराच्या जनावरांना कडबा आणि सरकीची पेंड पुरवली. जनावरांना राजकारण कळत नाही, असे तो म्हणे. पेठेला कळत होते. लष्कर गेल्यावर एका सकाळी त्याच्या दुकानाच्या फळ्यांना शेण फासलेले दिसले. दिवाळीच्या सुमारास पत्र्यावर एक दगड पडला. एकच, आणि तोही फार मोठा नव्हता. गुरुबसप्पा तो दगड फडक्यात बांधून अर्जासोबत कचेरीत घेऊन गेला. जनावरे पोसल्याची आठवण ठेवून साहेबाने काही महिन्यांनी परवाना दिला. दगड परत केला.

दगड चुलतभावाने, चन्नवीरने, टाकला याबद्दल गुरुबसप्पाला शंका नव्हती. पुरावाही नव्हता, पण शंका नसली की पुराव्याची निकड भासत नाही. चन्नवीरचे तेलाचे दुकान समोरच्याच ओळीत होते. दोघांत सात वर्षे बोलणे नव्हते, आणि त्याचे कारण काठी होती.

सोलापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरगावच्यांसाठी सांगायला हवे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज निघतात. पेठेत त्यांना नुसते काठ्या म्हणतात. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या पुढच्या खोबणीत काठीचा बुंधा बसवायचा, दोन्ही हातांनी ती तोलायची आणि चालायचे. एका काठीच्या वाटेवरचा एक छोटा टप्पा गुरुबसप्पाच्या घराण्याकडे होता. आजाने तो पेलला, बापाने पेलला, आणि सात वर्षांपूर्वी बाप गेल्यावर तो थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा, म्हणून गुरुबसप्पाकडे आला. घराण्याचा नियम असा होता की पेलणाऱ्याच्या मागे, स्वतःही पट्टा बांधून, त्याच्या पाठीला तळवा लावून, धाकट्या पातीचा माणूस चालेल. म्हणजे चन्नवीर. आणि थोरल्याने टप्पा अर्ध्यात सोडला, तर मान तिथून पुढे कायमचा धाकट्या पातीकडे जाईल.

हा नियम घालणाऱ्या पूर्वजाला भावाभावांच्या प्रेमाविषयी खात्री असावी, किंवा मुळीच खात्री नसावी. दरवर्षी चन्नवीर तोंडातून शब्द न काढता गुरुबसप्पाच्या पाठीला हात लावी, टप्पा संपताच तो हात धोतराला पुसून टाकी, आणि दोघे आपापल्या वाटेने जात.

गुरुबसप्पाचा हिशेब सरळ होता. मला मूल नाही. मी मेलो तर मान चन्नवीरला. म्हणून चन्नवीर मला मारणार. म्हणून पिस्तूल.

आता हे पिस्तूल चन्नवीरपुरते राहिले असते तरी चालले असते. पण माणूस एकदा जवळ हत्यार ठेवू लागला की त्याला ते लागेल अशा जागा दिसू लागतात. गुरुबसप्पाला त्या बाजारात दिसल्या, भाजीवाल्यांच्या गर्दीत दिसल्या, देवळाच्या पायऱ्यांवर दिसल्या. बोलता बोलता तो बगलेला हात लावून बघे. समोरचा बोलायचा थांबे. ही अदब आहे असे गुरुबसप्पा समजत होता.

बुधवारी धोंडीराम न्हावी दाढीला येई.

"मालक, कोट उतरवा की. केसं पडत्यात."

"पडू दे."

"लई जड दिसतोय."

"कापड जाड हाय. तू आपली दाढी कर."

धोंडीरामने वस्तरा पट्ट्यावर दोनदा घासला आणि गुरुबसप्पाची हनुवटी वर उचलली. "आमी अडाणी मानसं, मालक. पर एक इचारतो. तुमच्या बगलंत पिस्तूल, माज्या हातात वस्तरा, आन् मान तुमची. चन्नवीर आप्पांनी मला कानात चार शब्द सांगितलं असतं, तर तुमी आत्ता काय केलं असतं?"

गुरुबसप्पाने त्या दिवसापासून दाढी राखली.

त्या वर्षीची लग्नसराई त्याला जड गेली. नात्यातल्या पंगतीला बसण्याआधी कोट-सदरा उतरवून, गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मग जेवायचे, ही त्यांच्याकडची रीत. कोट उतरवायचा म्हणजे खिसा उघडा पडणार. गुरुबसप्पा प्रत्येक लग्नात उपास आहे म्हणून सांगू लागला. इतके उपास झाले की सुंदरम्मा नावाची त्याची म्हातारी मावशी एका मांडवात त्याच्या पाया पडली. घरी येऊन तो चुलीपाशी बसून गार भाकरी खाई आणि बायकोला, काशम्माला, मांडवात कोण कोण आपल्याकडे कसे बघत होते ते सांगे.

"भुकेलं मानूस बघितलं की बघत्यातच लोक," काशम्मा म्हणे.

काशम्माने पिस्तुलाला देवघराच्या उंबऱ्याआत येऊ दिले नव्हते. स्वयंपाकघरातही नाही. गुरुबसप्पा ते उशाखाली ठेवी, म्हणून ती माजघरात झोपू लागली होती. या गोष्टीची पेठेला खबर नव्हती. पेठेला कळली नाही अशी त्या घरातली ती एकच गोष्ट.

बत्तीस सालची संक्रांत आली. आधीचे काही आठवडे रविवारी काठीचा सराव असे. सरावाला कोट चालतो. प्रत्यक्ष यात्रेला पांढरी बाराबंदी घालावी लागते, आणि बाराबंदीला बंद बारा असले तरी खिसा एकही नसतो. गुरुबसप्पाने यावर पुष्कळ विचार केला. बगलेत बांधावे तर हात वर जात नाहीत. पोटाशी बांधावे तर तिथे चामड्याचा पट्टा. शेवटी त्याने ते पाठीमागे, कमरेच्या वर, जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधले आणि वरून बाराबंदी घातली. धोका मागून होता, म्हणून हत्यारही मागे. या युक्तिवादावर तो खूश होता.

काशम्मा दारात उभी राहून हे बघत होती.

"आजचा एक दीस ऱ्हाऊ द्या की घरात."

"आजच गर्दी असती. घात व्हायचा तर आजच हुईल."

"दोन्ही हात काठीला. घात झाला तर ते काढनार कुटल्या हातानं?"

गुरुबसप्पा रागावला. "बायकांना यातलं कळत न्हाय."

"न्हायच कळत. देवाची काठी पोटाशी आन् मरान पाठीशी, हे कुटल्या शास्त्रात हाय ते आमाला खरंच न्हाय कळत."

दुपारी काठ्या निघाल्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, गच्च्यांवर बायका, कोपऱ्यावर दोन पोलीस शिपाई. टप्प्याच्या सुरुवातीला म्हातारे सिद्रामप्पा उभे होते. पाळ्या लावायचे काम त्यांचे. त्यांनी गुरुबसप्पाच्या पट्ट्याची गाठ ओढून पाहिली, काठी खोबणीत बसवून दिली आणि ते बाजूला झाले. काठीचा भार पोटावर आला तसा गुरुबसप्पा थोडा मागे रेलला. मागे रेलला तसा चन्नवीरचा तळवा त्याच्या पाठीला लागला.

आणि तिथेच थांबला.

वीसेक पावले तशीच झाली. मग सात वर्षांनी चन्नवीर त्याच्याशी बोलला.

"अण्णा, पाठीला हे काय बांदलंय?"

"गाठ हाय."

"गाठ लोखंडाची?"

"तू हात लाव नुस्ता. तोंड चालवू नको."

"हात कुटं लावू? ह्याच्यावर? उडलं म्हंजे? तुजा मनका तरी जाईल न्हायतर माजा पंजा तरी."

"उडत न्हाय. न उडायची कळ लावलीय."

"नक्की लावलीय?"

गुरुबसप्पाला नक्की आठवेना. चन्नवीरने तळवा उचलून वीतभर वर, खांद्याच्या पात्यावर ठेवला. त्याबरोबर काठी वरच्या टोकाला झोकांडली. गर्दीतून "अरे अरे" असा आवाज निघाला आणि गच्चीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. गुरुबसप्पाने दोन पावले पळत टाकून काठी सावरली. काठी सावरली, पण लुगड्याची पट्टी जुनी होती. ती सुटली. पिस्तूल पाठीवरून घसरत पट्ट्याआडून खाली आले आणि धोतराच्या मागच्या निऱ्यांत जाऊन अडकले. पुढच्या प्रत्येक पावलाला ते मांडीवर आपटू लागले, आणि प्रत्येक आपटीला एक बोट खाली सरकू लागले.

दोन्ही हात काठीला. टप्पा अजून निम्मा बाकी.

शेवटी तो म्हणाला, "चन्न्या, काढ ते."

"काय?"

"निरीत अडकलंय. पडंल. हात घाल आन् काढ."

चन्नवीर हसला. सात वर्षांचे साठलेले हसू होते ते, बराच वेळ पुरले. "म्या काढू? कोपऱ्यावर पोलीस उभा हाय. परवाना तुजा. माज्या हातात दिसलं की म्या आत, आन् तू भाईर उबा ऱ्हाऊन साक्ष देनार, ह्यानंच मला मारायला आनलं हुतं म्हनून. न्हाय का?"

गुरुबसप्पाच्या मनात हा विचार तोवर आलेला नव्हता. आता आला, आणि तो वाईट नव्हता. पण वेळ नव्हता. पिस्तूल गुडघ्याशी पोचले होते.

"मग काय करू?" तो म्हणाला. त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. "देवाच्या वाटंवर पडलं, फुटलं, कुनाला लागलं तर?"

"काठी दे माज्याकडं."

"हेच पायजे हुतं तुला."

"व्हय, हेच पायजे हुतं," चन्नवीर म्हणाला. "सगळी पेठ जानती. त्यासाटी तुला मारायची गरज न्हवती, एवडं मातर मलाबी आजच कळलं. देतोस, का पडू देतोस?"

आणखी पाच पावले गुरुबसप्पा चालला. ती पाच पावले त्याने काठी पेलली म्हणण्यापेक्षा गुडघे आवळून पिस्तूल पेलले असे म्हणणे योग्य ठरेल. सहाव्या पावलाला तो थांबला. चन्नवीरने आपला पट्टा पुढे ओढून खोबण सरळ केली, बुंधा तिच्यात घेतला आणि काठी तशीच उभी ठेवून तो पुढे निघाला. लोकांनी सिद्धेश्वराचा जयघोष केला. गुरुबसप्पा दोन्ही हातांनी धोतर घट्ट धरून, वाकून, गर्दीतून वाट काढू लागला. वाट काढावी लागली नाही. लोक आपणहून बाजूला झाले. कोणी विचारले, "पोट बिगडलं काय?" यावर त्याने मान डोलवली. तेवढीच त्यातल्या त्यात बरी सबब होती.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"घराण्याचा नेम तुला ठाऊक हाय, गुरुबसप्पा."

"मला फसवलं त्यानं."

"कसं फसवलं?"

गुरुबसप्पाने बगलेला हात लावून बघितला.

"ऐक," सिद्रामप्पा म्हणाले. "तुज्या आजाकडं बघून म्या चन्नवीरशी बोललो. त्यो एका अटीवर तयार हाय. पाडव्यापातुर तू ते हत्यार कचेरीत जमा करायचं, परवाना परत करायचा. मान तुजा तुला. मागं हात लावायला त्यो हाय तसाच हाय."

काशम्मा आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती. एरवी ती पुरुषांच्या बोलण्यात येत नसे. "हो म्हना," ती म्हणाली.

गुरुबसप्पाने दाढी खाजवली. "आन् जमा केल्यावर त्यानं मला मारलं तर? जामीन कोन ऱ्हातंय?"

सिद्रामप्पांनी त्याच्याकडे पाहिले. ते सत्तरीचे होते आणि त्यांना घरी जेवायला जायचे होते. "तुला कोन मारनार, बाबा? कशासाटी? मानासाटी म्हनावं तर मान काल फुकट मिळाला त्याला. तुज्या दुकानावर एक दगड पडला, त्याला वर्स उलटून गेलं. त्यो बी वानरानं टाकला असंल. तू हैस काय, न्हाईस काय, कुनाच्या ताटातली भाकरी कमी-जास्त हुनार हाय?"

हे सांत्वन म्हणून बोललेले होते. गुरुबसप्पाला ते पिस्तुलाच्या गोळीसारखे लागले असते तर तो जगला असता; ते त्याहून खोल गेले. कोटाच्या बगलेत हात घालून हिंडणाऱ्या माणसाला कोणीतरी मारू पाहते. ज्याला मारू पाहतात तो कोणीतरी असतो. पिस्तूल कचेरीत ठेवून जो परत येईल तो भवानी पेठेतला पेंडवाला, दाढी वाढलेला, फळ्यांना शेण लागलेला. बस, एवढाच.

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.

पाडवा आला. गुरुबसप्पा कचेरीत गेला खरा. परवान्याची मुदत वाढवून परत आला.

सिद्रामप्पा पुन्हा आले नाहीत. पुढच्या संक्रांतीला दुपारी काशम्माने पाण्याची घागर भरली, ओवाळायचे ताट लावले, हळदीकुंकू घेतले आणि ती चन्नवीरच्या घरी निघाली. काठी पेलून आलेल्याच्या पायांवर पाणी घालायचे काम घराण्यातल्या थोरल्या सुनेचे. आता कुठल्या घरी जायचे ते काठीने ठरवले होते. गुरुबसप्पा कोट घालून माजघरात बसला होता.

"म्या जाते," ती उंबऱ्यावरून म्हणाली. "समदी पेठ आज वाटंवर हाय, हितं चिटपाखरू न्हाय. आतनं कडी लावून घ्या. तुमाला मारायला कोन आलंच, तर त्याला म्हनावं, काशम्मा दिवेलागनीला येती, तवर थांब."

गुरुबसप्पा उठला आणि त्याने कडी लावली.