वेणूबाईच्या दारची वेळ

ऋत्विकला पहिली अक्षरं मी गिरवायला शिकवली. अंगणवाडीत असल्यापासून त्याला घाई फार. पाटीवरचा ‘अ’ पुरा व्हायच्या आत ‘बाई, झालं’ म्हणून उभा राहायचा. माणगावच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला तरी हा गुण काही सुटला नाही. पुढे त्याने डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं ठरवलं. म्हणजे नक्की काय व्हायचं ते गावात कुणालाच कळलं नाही, त्यामुळे मान मात्र भरपूर मिळाला. एक्सेलचे व्हिडिओ तो दुप्पट वेगाने पळवत बघायचा, आणि बायोडेटात त्याने लिहून टाकलं होतं, ‘एक्सेल – उत्तम’. पनवेलला एका मुलाखतीत समोर कॉम्प्युटर ठेवून काम करून दाखवा म्हणाले, तर घाम फुटला. घरी येऊन सांगितलं की तिथे त्यांचीच माणसं भरायची होती.

आमचं गाव म्हसळ्यापासून आत. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि घरांचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला. गावातल्यांना तो तोंडपाठ, पण मुंबईकरांची पंचाईत होते. पालखी आपल्या दारात कधी येणार हे विचारायला त्यांचे फोनवर फोन. म्हणून यंदा गावकीचे अध्यक्ष भागोजी म्हणाले, ऋत्विक, तू एवढा शिकलास, यादी करून मोबाइलवर टाक. भागोजींनी एकेक घर आणि त्याची वेळ सांगितली, ऋत्विकने टाइप केली. यादी अगदी बरोबर होती. पण स्वस्थ बसेल तर तो ऋत्विक कसला. यादी जरा सफाईदार दिसावी म्हणून त्याने नावं अ, आ, इ अशी ओळीने लावली. नावं हलली. शेजारच्या रकान्यातल्या वेळा जागच्या जागी राहिल्या.

वेणूबाईचं घर पालखीच्या वाटेवर पहिल्या चारपाचांत. पण ‘व’ पडला शेवटी, म्हणून तिच्या नावापुढे संध्याकाळची वेळ आली. तिचा मुलगा रघू कळंबोलीला कंपनीत आहे. लग्नाला किती वर्षं झाली तरी त्याच्या घरी पाळणा हलत नव्हता, तेव्हा वेणूबाईने नवस बोलला होता, नातवंड झालं की माझ्या उंबऱ्यात पालखीच्या पायाशी ठेवीन. यंदा नातू झाला. त्याच्यासाठी तिने पिवळं झबलं हाताने शिवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून मग कळंबोलीला धाडलं. रघूने फोनवर संध्याकाळची वेळ सांगितली तेव्हा ती म्हणाली होती की दरवर्षी तर सकाळी येते. मग स्वतःच म्हणाली, शिकलेल्या पोरानं केलंय, बदललं असेल काहीतरी.

पालखी सकाळीच आली. नाचवणारी पोरं काही मोबाइल बघून चालत नाहीत. वेणूबाई भागोजींना हात जोडून म्हणाली, जरा थांबा. पण दारातून उठलेली पालखी त्या घरी मागे फिरत नाही, आणि पुढची घरं खोळंबलेली. तिने एकटीने देवीची ओटी भरली. संध्याकाळी सून प्रणाली कळंबोलीहून बाळाला पिवळं झबलं घालून आली तेव्हा ढोल पार पलीकडच्या वाडीत वाजत होता. तिथे नेऊन दर्शन घ्या, असं सगळे म्हणाले. वेणूबाई म्हणाली, दुसऱ्याच्या दारात नवस फिटत न्हाय.

आणखी काही मुंबईकरांचेही घोटाळे झाले. गावकीत आरडाओरडा झाला, तेव्हा सगळ्यांत आधी वेणूबाईच पोराच्या बाजूने उभी राहिली. मशीन चुकलं असेल, पोराचा काय दोष, असं तिने ठणकावून सांगितलं. ऋत्विकने मान डोलावली. मला तेव्हाच त्याचा राग आला, कारण अर्धवट पाटी लपवताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे.

नंतर तो माणगावला हेमाली मॅडमच्या क्लासला जायला लागला. मॅडम आधी कंपन्यांचे आकडे लावायचं काम करायच्या, आता शिकवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ह्या धंद्यात सुरुवातीला कुणी तुम्हाला मोठे तक्ते काढायला बसवत नाही, आलेली माहिती नीट लावता येते का तेवढंच बघतात. एक आडवी ओळ म्हणजे एक माणूस, ती तुटू द्यायची नाही. मग नावं क्रमाने लावायला दिली. ऋत्विकने नावांचा रकाना निवडला, बटण दाबलं, आणि पडद्यावर चौकट आली. फक्त हाच रकाना लावू, की शेजारचेही सोबत घेऊ?

ही चौकट त्याने शिमग्याआधी पाहिली होती. मला नावंच तर लावायचीत, म्हणून पुढचं न वाचता ‘फक्त हाच रकाना’ दाबला होता. हे मला सांगताना त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, मला कशाला सांगतोस, जिचं आहे तिला सांग.

वेणूबाई पडवीत आमसुलं वाळत घालत होती. मी बाजूला बसले. तो उभाच राहिला.

“काकी, मशीन न्हाय चुकलं. त्यानं मला विचारलं होतं. मीच वाचलं न्हाय.”

तिचे हात थांबले.

“मी साऱ्या गावाशी भांडले रे तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “भागोजीला वाट्टेल तं बोलले. आता त्याला काय तोंडानं सांगू?”

“तू नको सांगू. गावकीत मीच सांगतो.”

“सांग तर. आणि पुढल्या साली यादी तूच कर, आता तुला जमंल.” तिने पुन्हा आमसुलं पसरायला घेतली. “पण तं झबलं आता त्याला व्हायाचं न्हाय.”

ऋत्विक खाली बसला. शरमेने मान वर न करताच तो तिच्यासोबत आमसुलं पसरू लागला.