टीव्हीला झेपेल एवढा लाल

बायको चित्रं काढायची आणि मी ती टीव्हीसाठी तयार करायचो. घराच्या मागच्या खोलीत, एकाच कॉम्प्युटरवर. इथल्या केबल चॅनलला दोन कार्यक्रमांच्या मध्ये दाखवायला छोटी अ‍ॅनिमेशन लागत, ती आम्ही करून देत असू. कॉम्प्युटरवर झळाळणारा रंग टीव्हीवर तसा राहत नाही. भडक लाल तर कडा सोडून शेजारी पसरतो. म्हणून पाठवण्याआधी तो मंद करायचा. त्याला आम्ही लाल मारणं म्हणायचो. ‘मारलास का माझा लाल?’ असं ती जेवताना विचारायची. मी मान डोलवायचो.

शेवटचं अ‍ॅनिमेशन तिने आजारपणात, उशीला टेकून पूर्ण केलं. वाळत घातलेल्या पांढऱ्या सुताच्या लडींमधून एक मुलगी पळत जाते, एवढंच. मुलीचा परकर लाल. बायको गेल्यावर बरेच दिवस मी ती फाइल उघडली नाही. मग चॅनलवरून विचारणा झाली. फाइल उघडली, पण त्या लालाला हात लावणं मला जमेना. तसाच पाठवून दिला. तिथे तपासणारं कोणी नव्हतं.

सासूबाई शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहतात. त्यांचं आयुष्य चादरींच्या कारखान्यात गेलं. लेकीचं शेवटचं काम लागणार म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. टीव्ही जुना, मागे डबा असलेला. मुलगी पळायला लागली आणि लाल तिच्या परकरातून बाहेर आला, पायांवर उतरला, लडींना लागला. सासूबाई पुढे वाकून बघत राहिल्या.

“कच्चा रंग घेतला की हो तिनं,” त्या म्हणाल्या. “पयल्या धुण्याला मीठ घालायचं म्हणून किती सांगितलं होतं. कधी ऐकलंच नाही.”

तिचा दोष नाही, टीव्हीला हा रंग झेपत नाही, असं मी सांगू लागलो. परकर आणि टीव्हीतला परकर यांतला फरक मी दोनदा समजावून बघितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाल्या, घाईच फार तिला, पहिल्यापासून.

घरी येऊन मी लाल मारायला बसलो. थोडा उतरवला की तो विटकरी व्हायचा, परत चढवायचो. कुठेतरी थांबणं भाग होतं. तिला विचारता आलं असतं तर तिने नक्की भांडण काढलं असतं. शेवटी ज्या रंगावर थांबलो तो तिचा नव्हता. नवी फाइल पाठवली आणि पुन्हा पूर्व भागात जाऊन बसलो.

या वेळी परकराची कड स्वच्छ होती. लडी पांढऱ्याच राहिल्या. सासूबाईंनी पदराने काच पुसली, पुन्हा बघितलं.

“आता बसला रंग,” त्या म्हणाल्या. “शिकली बघा शेवटी.”

मी मान डोलवली.