छतावर पोचलेलं ऊन

ॲथलोनहून निघताना बाबांनी गाडीत बसल्याबसल्या विचारलं, "थंय पोचासर उजेड रवात मां?" (तिथे पोचेपर्यंत उजेड राहील ना?)

सकाळचे सात वाजले होते आणि जूनमध्ये आयर्लंडात रात्री दहापर्यंत उजेड असतो. मी हसले खरी, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. काचबिंदूने बाबांचा डावा डोळा गेलाय, उजवाही फार दिवसांचा सोबती नाही, असं कुडाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आयुष्यभर या माणसाने कोकणातल्या देवळांच्या भिंती आणि छतं रंगवली. माझ्या ऑफिसात मेयोचा, म्हणजे पश्चिमेकडच्या सदा पावसाळी परगण्यातला, एकजण आहे; त्याने तिथल्या क्लेअर बेटावरच्या जुन्या चर्चबद्दल सांगितलं. ओल्या गिलाव्यावर, तो सुकायच्या आत रंगवलेलं शेकडो वर्षांपूर्वीचं छत! माझ्याकडे आलेले बाबा पुढच्या शुक्रवारी गावी परत जाणार होते. दाखवायचं तर आत्ताच.

बोटीत मी दोनदा ओकले. बाबा समुद्रकाठचे, कठड्याला धरून मजेत उभे होते. मला आलेपाक देऊन वर म्हणाले, "मालवणचा नाव घालवलंस."

बेट मात्र बघत राहावं असं. हिरवे चढ, शेतांभोवती दगडी गडगे, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या मेंढ्या आणि खाडीपलीकडे एक निमुळता डोंगर. अर्धा तास चालल्यावर चर्च आलं. दाराला कुलूप होतं. किल्ली शेजारच्या घरी मिळते, असं तिथे लिहिलेलं होतं. मी जाऊन मॉरीन नावाच्या सत्तरीच्या बाईंना घेऊन आले, तर बाबा बूट-मोजे काढून ओल्या गवतात अनवाणी उभे! बुटांत पावसाची भुरभुर साचत होती.

"बाबा, हे चर्च आहे. बूट घाला."

"छतार देव आसत मां? मगे?"

मी ओशाळून मॉरीनना कारण सांगितलं. त्यांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं आणि खाडीपलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. "माझी आई दरवर्षी यात्रेला तो डोंगर अनवाणी चढायची. या दारात मात्र असं कोणी आलेलं पाहिलं नाही." मग कुलूप काढून त्यांनी स्वतःचे बूट पायपुसण्यावर चांगले दोनदा घासले.

आत गारवा होता, आणि अंधार. मला वरती तांबूस-पिवळे फराटे तरी दिसत होते. बाबांनी मान वर केली, इकडून तिकडून पाहिलं आणि हळूच खाली घातली.

"माका काय दिसणा नाय गो."

इतक्या लांब आणून मी त्यांना अंधार दाखवला होता. घाईघाईने मोबाइलची बॅटरी लावली, तर छतावर नुसता पांढरा डाग पडला.

"बंद कर तां. भिंतीक आंधळी करता ती." मग दाराकडे वळून म्हणाले, "आरसो आसा काय खंय?"

मला एकदम आठवलं. गाभाऱ्यात काम करताना बाबा दाराशी आरसा धरायला लावून बाहेरचं ऊन आत घ्यायचे. मी मॉरीनना सांगितलं, तशा त्या खो खो हसल्या. "आरसा देते. ऊन तेवढं तुमच्या देवाकडे मागा. हे मेयो आहे!"

त्यांनी घरातल्या प्रेसच्या (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात) दारावरचा आरसा चक्क स्क्रू काढून आणला. सोबत चहा आणि लोणी लावलेला सोडा ब्रेड. बाबांनी तो चहात बुडवून खाल्ला. आम्ही ढगांकडे बघत बसलो. पावणेपाचची बोट शेवटची होती आणि चार वाजत आले होते.

मग ऊन पडलं. मी आरसा धरला, पण उजेड छतभर उड्या मारायला लागला.

"दे इकडे," मॉरीन म्हणाल्या. "कितीतरी मेंढ्यांची बाळंतपणं केलीत या हातांनी. ते हलत नाहीत."

बाबा सरळ फरशीवर उताणे झोपले. उजेड वर जाऊन थांबला आणि एकेक जण बाहेर आला. वेटोळं घातलेला ड्रॅगन, कोंबडा, हरीण, घोडेस्वार, मांडीवर वाद्य घेऊन बसलेला माणूस. काय सुंदर होतं ते! बाबांचं बोट हवेत रेघांवरून फिरू लागलं.

"हयसर रंगवणाऱ्याचो रंग संपलो. परत कुंचलो बुडवल्यान. आनी ह्यो घोडो एका दमात काढलेलो. गिलावो सुकत इल्लो, घाई होती बिचाऱ्याक."

"काय म्हणतोय युअर मॅन?" (म्हणजे 'हा गडी') मॉरीननी विचारलं. मी सांगितलं. त्या आरसा न हलवता म्हणाल्या, "इतकी वर्षं किल्ली माझ्याकडे आहे. तो घाईत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

दहाएक मिनिटांनी ढग आला. तरी बाबा आणखी थोडा वेळ तसेच पडून होते. मग उठले आणि मॉरीनना वाकून नमस्कार केला. त्यांनी "ग्रँड, ग्रँड" म्हणत डोळे पुसले. ओले बूट हातात घेऊनच आम्ही धक्क्याकडे पळालो. बोट मिळाली.

परतीच्या वाटेवर आभाळ स्वच्छ झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हात चमकणारी तळी होती. बाबा डोळे मिटून बसले होते.

"झोपलात?"

"नाय गो. बगतंय."

मला राहवेना. "बाबा, तो वाद्य वाजवणारा..."

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. "हात लावू नको. गिलावो अजून ओलो आसा."

मी रेडिओ बंद केला आणि ॲथलोनपर्यंत गाडी सावकाश चालवली.