ब्राह्मी आणि जाऊबाई

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. सौसरजवळच्या आमच्या बगिच्यात संत्र्यांची तोड सुरू होती. सारं घर कामात, आणि मी चुलीपुढे बसून दूध उतू जाताना नुसती पाहत राहायचे. रडूही येत नव्हतं. कोणी आळस म्हणे, कोणी नजर. जामसावळीला दर्शन करवून आणलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली.

मोठ्या जाऊबाईंनी एका सकाळी परात खाली ठेवून विचारलं, "तुले काहीच चांगलं वाटून नाई राहिलं का?"

मी मान हलवली. इतकं सरळ तोवर कोणी विचारलं नव्हतं.

जाऊबाईंचं माहेर पांढुर्ण्याचं. तिथल्या ओळखीच्या वैद्यांकडे त्या मला बसने घेऊन गेल्या. वैद्यांनी नाडी पाहिली, ब्राह्मीचं चूर्ण पुडीत बांधलं. पुडी घेता घेता जाऊबाई म्हणाल्या, "ही डॉक्टरची झोपेची गोळी घेऊन राहिली. दोन्ही सोबत चालते काय?"

"हे आधी काहून नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं नाई."

वैद्य हसले. त्यांनी पुडी स्वतःकडे ओढली. "मंग आधी डॉक्टरले विचारा. दोन्हीनं सुस्ती वाढली तर पोरगी पडन कुठं तरी. अन् गोळी आपल्या मनानं बंद करू नका."

आमच्या डॉक्टरांना देशी दवाईचं नाव काढलेलं खपत नसे. 'पुडीचं बोलू नका,' असं सासूबाईंनी बजावलं होतं. जाऊबाई बोलल्याच. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी मला बसवलं आणि पहिल्यांदाच बाळाबद्दल विचारलं. गोळी हळूहळू कमी करू, ती सुटली की चूर्ण घेऊन पाहा, पोट बिघडलं तर थांबवा, असं त्यांनी समजावलं. शेवटी म्हणाले, "जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं."

मी खाली पाहिलं. जाऊबाईंनी ते पाहिलं. त्या जागेवरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते आजच बोलून घेऊ." त्या दिवशी मी बोलले, आणि रडलेही.

त्यानंतर त्या मला एकटीला सोडत नसत. बगिच्यात जाताना सोबत नेत, संत्री निवडायला बसवत. मधेच लोधीखेड्याच्या मावससासूबाई कुणा बाबाची काळी भुकटी घेऊन आल्या. "बाकी सारं बंद कर, हेच घे."

"ह्यात काय काय हाय?" जाऊबाईंनी विचारलं.

"ते बाबा सांगत नाईत."

"मंग आमी घेत नाई, मावशी. तुमी चहा घ्या."

पुढे गोळी सुटली, ब्राह्मी सुरू झाली, आणि कधीतरी भाजीत मीठ कमी असल्याचं मला कळू लागलं. गुण ब्राह्मीचा, डॉक्टरांशी बोलण्याचा की जाऊबाईंच्या सोबतीचा, ते मला आजही सांगता येत नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा जाऊबाईंनी स्वतःच चूर्ण थांबवलं. "आता दोघायले विचारल्याशिवाय काहीच नाई."

मुलगी झाली. बारशाला त्यांनी वैद्यांना बोलावलं, डॉक्टरांनाही. दोघांना एकाच सतरंजीवर बसवून स्वतः वाढलं. आधी दोघं जरा अवघडले होते. भात येईपर्यंत कापसावरच्या किडीबद्दल त्यांचं चांगलंच जमलं होतं.